खिंडींतलें शहर : बित्लीस



शाळेंत भूगोल शिकवीत असतांना नकाशावर छडी ठेवून 'हा अमुक देश, ही त्याची राजधानी' असें सांगण्याची संवय माझ्या हाडींमांसीं खिळलेली होती. एकदां वर्गांत पश्चिम आशियाचा नकाशा टांगला असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, कुर्द लोकांचा देश कोणता?" वर्तमानपत्रांत त्यानें तें नांव वाचलें होतें. मीं छडी उचलली. ती तुर्कस्तानावरून इराणावर नेली, तेथून इराकवर, मग सीरियाच्या कोंपऱ्यावर, आणि या चार देशांच्या सरहद्दी जेथें एकमेकींच्या जवळ येतात त्या डोंगराळ टापूभोंवतीं एक वर्तुळ फिरवून थांबलों. त्या वर्तुळाला राजधानी नव्हती. मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. पुढें सेवानिवृत्तीनंतर हाताशीं वेळ आला, तेव्हां इंग्रजी भाषांतरांचा आधार घेऊन मीं त्या वर्तुळांत शिरण्याचा यत्न केला. राजधानी सांपडली नाहींच. परंतु एक शहर सांपडलें, आणि त्या शहरांत एक ग्रंथ सांपडला. त्या दोहोंविषयीं आज मी आपणांपुढें चार शब्द बोलणार आहें. शहराचें नांव बित्लीस.

आजच्या तुर्कस्तानच्या पूर्व भागांत वान नांवाचें एक प्रचंड सरोवर आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,७५० चौरस किलोमीटर असून पाणी खारट व सोडामिश्रित आहे. सरोवराच्या पश्चिम टोंकाशीं नेमरूत हा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. फार प्राचीन काळीं या पर्वतांतून वाहिलेल्या लाव्हारसानें खोऱ्याचें तोंड बुजविलें, पाण्याला बाहेर पडावयास वाट उरली नाहीं, आणि म्हणून हें सरोवर झालें, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. सरोवराच्या कांठीं तातवान हें गांव आहे. तेथून नैर्ऋत्येकडे थोडासा चढ चढून गेलें कीं पलीकडे जमीन एकदम खालीं उतरूं लागते आणि एका अरुंद, खोल दरींतून एक प्रवाह दक्षिणेकडे धांवत सुटतो. त्याचें पाणी शेवटीं तैग्रिस नदीला जाऊन मिळतें. याच दरींत, तातवानपासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर उंचीवर, बित्लीस वसलेलें आहे. प्रवाहांच्या संगमावर एक उंच खडक, खडकावर किल्ला, किल्ल्याच्या पायथ्याशीं बाजार आणि दोन्हीं बाजूंच्या उतारांवर एकावर एक चढलेलीं काळसर-तांबूस दगडाचीं घरें. जागोजागीं दगडी कमानींचे लहान लहान पूल. इझाबेला बर्ड नांवाच्या इंग्रज प्रवासी बाई १८९० सालीं कराचीहून जहाजानें निघून इराणमार्गें येथें आल्या होत्या. पश्चिम आशियांत आपण पाहिलेल्या शहरांत इतकी रम्य जागा दुसऱ्या कोणत्याही शहराला लाभलेली नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला आहे.

रम्यता ही मात्र प्रवाशाची दृष्टि झाली. राज्यकर्त्याच्या दृष्टीनें ही जागा म्हणजे एक दार होतें. खालच्या मेसोपोटेमियाच्या मैदानांतून वरच्या पठारावर, आणि तेथून इराणकडे जाण्याचा एक मुख्य रस्ता या दरींतून जातो. व्यापाऱ्यांचे तांडे येथून जात आणि सैन्यांनाही येथूनच जावें लागे. दार ज्याच्या ताब्यांत, त्याची मनधरणी दोन्हीं बाजूंनीं होणार. आणि प्रसंगीं दोन्हीं बाजूंचा मारही त्यालाच खावा लागणार. बित्लीसच्या पुष्कळशा इतिहासाचा उलगडा एवढ्यावरून होतो.

उरलेला उलगडा हवामानावरून होतो. भूमध्य समुद्रावरून हिवाळ्यांत येणारे बाष्पयुक्त वारे या डोंगरांच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात, आणि सारें बाष्प बर्फाच्या रूपानें तेथें टाकून देतात. सरोवराच्या पूर्वेकडील वान शहरीं वर्षाकाठीं सुमारें ४०० मिलिमीटर पर्जन्य पडतो. भिंतीच्या अलीकडे असलेल्या बित्लीसला मात्र सुमारें १,२०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट! त्यांतील मोठा भाग हिमाचा असतो. तुर्कस्तानांतील अत्यंत हिमाच्छादित शहरांत बित्लीसची गणना होते. जानेवारींत सरासरी तपमान शून्याखालीं जातें; जुलैंत तें २२ अंशांच्या आसपास असतें आणि आकाश इतकें कोरडें असतें कीं पावसाचा थेंब दिसणें कठीण. जुनीं घरें मातीच्या सपाट धाब्यांचीं असत. बर्फ पडतांच तें फावड्यानें खालीं लोटावें लागे, नाहीं तर धाबें खचावयाचें. आणि गळूं नये म्हणून धाब्यावर दगडी रूळ फिरवून माती दाबावी लागे. आधींच अरुंद असलेल्या गल्ल्यांत छपरांवरचें बर्फ येऊन पडलें म्हणजे गल्लीचें काय होत असेल, याची कल्पना आपण करावी. गंमत अशी कीं, कुर्दी भाषेंतही हिमाला 'बर्फ' असेंच म्हणतात. आपण तो शब्द फारसीकडून उसना घेतला. त्यांचा तो घरचाच आहे.

या बर्फाचा राजकारणाशीं संबंध काय, असें आपण विचाराल. संबंध असा कीं, इस्तंबूलहून निघालेल्या फौजेला येथवर पोंचावयास उन्हाळा लागे, आणि हिवाळा येण्यापूर्वीं परतावें लागे. वर्षांतील कित्येक महिने सुलतानाचा हुकूम बर्फांत अडकून पडे. तेवढे महिने बित्लीसचा खान हाच तेथला सुलतान. सतराव्या शतकांतील तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला होता. बित्लीसचा बेग तुर्की सुलतानालाही जुमानीत नाहीं व इराणच्या शाहालाही जुमानीत नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे.

परक्या सैन्याला या डोंगरांनीं दिलेला अनुभव फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं ४०१ मध्यें झेनोफनच्या नेतृत्वाखालीं परतणारे दहा हजार ग्रीक शिपाई बित्लीसच्या दक्षिणेकडील टापूंतून गेले. तेथें राहणाऱ्या 'कार्दूखोई' नांवाच्या डोंगरी लोकांनीं सात दिवस त्यांना इतकें सतावलें कीं, इराणच्या बादशहाच्या साऱ्या फौजेनेंही तितकें सतावलें नव्हतें, असें झेनोफन लिहितो. हे लोक म्हणजे कुर्दांचे पूर्वज होत, असें कांहीं विद्वान मानतात, कांहीं मानीत नाहींत. त्या वादांत मी पडत नाहीं. पुढें नदी ओलांडून वर आल्यावर एका रात्रींत एवढें बर्फ पडलें कीं झोंपलेलीं माणसें आणि त्यांचीं शस्त्रें झांकून गेलीं, असेंही तो सांगतो.

किल्ल्याविषयीं एक दंतकथा आहे. शिकंदर बादशहा येथून जात असतां आपल्या सरदाराला म्हणाला, "मलाही जिंकतां येणार नाहीं असा किल्ला येथें बांध." सरदाराचें नांव बिदलीस. शिकंदर मोहिमेवरून परत आला, तों किल्ल्याचे दरवाजे बंद! त्यानें वेढा घातला, हरप्रकारें यत्न केले, पण उपाय चालेना. शेवटीं निराश होऊन तो निघाला, तेव्हां सरदार किल्ल्याच्या किल्ल्या घेऊन समोर आला व म्हणाला, "महाराज, आपलीच आज्ञा मीं पाळली." इतिहास म्हणून या कथेला कवडीचीही किंमत नाहीं. परंतु आज्ञा पाळून बंड करावयाचें, आणि बंड करून पुन्हां किल्ल्या हजर करावयाच्या, ही जी रीत तींत वर्णिली आहे, तिच्यावरच बित्लीसच्या खानांनीं शेंकडों वर्षें राज्य केलें, असें मला वाटतें.

हे खान रोजकी नांवाच्या कुर्दी जमातीचे. चोवीस टोळ्या एका दिवसांत एकत्र आल्या व एक जमात झाल्या, म्हणून 'रोजकी' असें नांव पडलें, अशी त्यांची परंपरा आहे. कुर्दींत 'रोज' म्हणजे दिवस. आपण 'रोज रोज' म्हणतों तोच हा शब्द. कुर्दी भाषा आर्य कुळांतली, इराणी शाखेची असल्यामुळें असे ओळखीचे चेहरे तींत पदोपदीं भेटतात. चारला ते 'चार' म्हणतात, पांचाला 'पेंज', आणि नांवाला 'नाव'.

आतां त्या ग्रंथाकडे वळूं. १५१४ सालीं चाल्दिरानच्या लढाईंत तुर्की सुलतान सलीम यानें इराणच्या शाह इस्माइलचा पराभव केला. त्या सुमारास बित्लीसचाच एक विद्वान मुत्सद्दी, इद्रीस बिद्लीसी, यानें कुर्दी सरदारांना सुलतानाच्या बाजूला वळवून घेतलें. मोबदल्यांत सरदारांच्या वंशपरंपरागत जहागिरी कायम राहिल्या. पण दोन साम्राज्यांच्या मध्यें उभें राहणाऱ्याला एक बाजू कायमची धरून बसणें परवडत नाहीं. १५३३ मध्यें बित्लीसचा शरफखान तुर्कांच्या बाजूनें आलेल्या फौजेशीं लढतांना मारला गेला, आणि त्याचा मुलगा इराणच्या शाह तहमास्पाच्या आश्रयास गेला. तेथें, कुमच्या बाजूस कराहरूद गांवीं, १५४३ सालीं एक नातू जन्मला. आजोबाचेंच नांव त्याला ठेवलें. हाच ग्रंथकार शरफखान.

नवव्या वर्षीं त्याला शाहाच्या वाड्यांत राजपुत्रांबरोबर शिक्षणासाठीं ठेवण्यांत आलें. धर्मग्रंथ, घोड्यावरची रपेट, तिरंदाजी. आणि शाह स्वतः चित्रकलेचा शोकी असल्यामुळें मुलांनीं थोडी चित्रकला शिकावी असाही त्याचा कटाक्ष असे. बाराव्या वर्षीं या मुलाला एका परगण्याची सुभेदारी मिळाली! (आमच्या वर्गांतील बारा वर्षांच्या मुलांना मी फळा पुसण्याची जबाबदारी देत असें, तीही धड पार पडत नसे.) इराणी दरबारांत तो मोठमोठ्या हुद्द्यांवर चढला. पण १५७८ मध्यें, वयाच्या पस्तिशींत, चारशें माणसें बरोबर घेऊन तो तुर्कांकडे गेला, आणि सुलतान तिसऱ्या मुरादनें त्याच्या पूर्वजांचें बित्लीस त्याला परत दिलें. ज्या शहराचें नांव परक्या मुलखांत वडिलांच्या तोंडून ऐकलें असेल, त्या शहराचा तो आतां धनी झाला.

पुढचीं दहा वर्षें तुर्कांच्या मोहिमांत गेलीं. मग त्यानें लेखणी हातीं घेतली. कारण त्यानें स्वतःच दिलें आहे. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळांनीं लिहिल्या, परंतु कुर्दांच्या राजांचा व सरदारांचा वृत्तांत कोणीही लिहून ठेवला नाहीं; तो नाहींसा होऊं नये, म्हणून हा उद्योग. १५९७ सालीं ग्रंथ पुरा झाला. नांव 'शरफनामा', भाषा फारसी. आधीं स्वतंत्र राज्य करून गेलेलीं कुर्दी राजघराणीं, ज्यांत सलाहुद्दीनाचेंही घराणें आलें, मग ज्यांनीं स्वतःच्या नांवें नाणीं पाडलीं व खुतबा वाचविला ते, मग जहागीरदार, आणि सर्वांच्या शेवटीं, मोठ्या विस्तारानें, आपलें बित्लीस. स्वकीयांचे दोष त्यानें झांकले नाहींत. कुर्द शूर खरे, पण प्रत्येक जण आपलें निराळें निशाण उभारून बसतो आणि दुसऱ्याचें वर्चस्व मान्य करीत नाहीं, ही खंत त्यानें स्पष्ट बोलून दाखविली आहे. नेमरूत पर्वताबद्दलही त्यानें लिहिलें आहे : त्याच्या उत्तर बाजूस लोहाराच्या भट्टींतील मळीसारखा एक काळा, लोखंडाहून जड रस वाहतो व थिजतो. आजचे ज्वालामुखीचे अभ्यासक या मजकुराचा आधार घेतात.

या ग्रंथाची एक प्रत, खुद्द शरफखानाच्या काळांतील, वीस चित्रांनीं सजविलेली, आज ऑक्सफर्डच्या बोडलेयन ग्रंथालयांत आहे. मूळ फारसी ग्रंथ १८६० ते १८६२ या काळांत रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें छापला गेला. बित्लीसचा ग्रंथ ऑक्सफर्डला आणि छापखाना पीटर्सबर्गला! तरी तो वांचला हें भाग्यच म्हटलें पाहिजे. बित्लीसच्या सगळ्याच ग्रंथांचें तसें झालें नाहीं.

शरफखानाच्या मागून जे खान झाले, त्यांत अब्दाल खान हा विलक्षण पुरुष. एव्लिया चेलेबी हा प्रसिद्ध तुर्की प्रवासी १६५५ सालीं वानचा सुभेदार मेलेक अहमद पाशा याच्याबरोबर बित्लीसला आला. एव्लियाची लेखणी अतिशयोक्तीला सोकावलेली आहे, हें ध्यानांत ठेवूनच त्याचें वाचावें लागतें. पण खानाचें वैद्यक, त्याची कारागिरी, त्याचें स्नानगृह, आणि विशेषतः त्याचा ग्रंथसंग्रह यांचें वर्णन करतांना तो खरोखरीच भारावून गेलेला दिसतो. युरोपांतून आलेलीं सचित्र पुस्तकेंही त्या संग्रहांत होतीं. त्याच वर्षीं पाशानें बित्लीसवर चाल केली. खान डोंगरांत पळाला. आणि हा संग्रह लिलांवांत निघाला.

लिलांवांतील एक प्रसंग एव्लियानें सांगितला आहे. एका सुंदर सचित्र शाहनाम्यावर एका कर्मठ माणसानें बोली केली. पुस्तक पाहण्यासाठीं म्हणून तो तें आपल्या तंबूंत घेऊन गेला, आणि चित्रें काढणें हें पाप, असें म्हणून त्यानें चाकूनें चित्रांतील माणसांचे डोळे खरवडून काढले, चेहरे पुसले. मग 'हें मला नको' म्हणून परत केलें. पाशाला हें कळलें तेव्हां त्यानें त्या माणसाला फटके मारविले. लूट करविणाराही पाशा आणि पुस्तकासाठीं फटके मारविणाराही पाशाच. या प्रसंगाचा अर्थ मी पुष्कळ वेळां लावून पाहिला. तो मला अजून नीट लागलेला नाहीं. चांगल्या पुस्तकाची किंमत कळणारा मनुष्य तें पुस्तक ज्या घरांत होतें तें घर लुटूं शकतो, एवढेंच त्यावरून दिसतें.

खानांची सत्ता त्यानंतरही दोनशें वर्षें टिकली. १८४९ मध्यें शेवटचा खान शरीफ बेग याला पकडून इस्तंबूलला नेण्यांत आलें, आणि बित्लीस तुर्की अधिकाऱ्यांच्या हातीं गेलें.

येथवर मी केवळ कुर्दांविषयीं बोललों. परंतु त्या शहरांत दुसरेही लोक राहत होते, आणि त्यांना वगळून केलेलें बित्लीसचें वर्णन अपुरें होईल. शहरांतील लोकांचा एक मोठा हिस्सा आर्मेनियन ख्रिस्ती होता. व्यापार आणि कारागिरी यांत त्यांचा हात मोठा. त्यांचीं देवळें, शाळा, मोहल्ले होते. १८६८ मध्यें अमेरिकेहून आलेल्या एली आडनांवाच्या दोघी बहिणींनीं येथें मुलींची शाळा काढली, आणि चाळिसांहून अधिक वर्षें ती चालविली. मशिदीची बांग आणि देवळांतील प्रार्थना एकाच दरींत घुमत असत. सलोखा अखंड होता असें नव्हे; १८९५ सालींही तेथें आर्मेनियनांची कत्तल झाली होती. तरीही लोक शेजारीं राहत होते.

१९१५ च्या जून महिन्यांत तेंही संपलें. तुर्की सरकारच्या हुकमावरून शहरांतील आर्मेनियन पुरुषांना बाहेर नेऊन मारण्यांत आलें. बायकामुलांपैकीं कित्येक मारलीं गेलीं, कित्येकांना हांकून नेण्यांत आलें. या कत्तलींत कुर्दी टोळ्यांचाही हात होता, हें मला येथें सांगितलेंच पाहिजे. ज्या लोकांविषयीं आपल्या मनांत सहानुभूति आहे त्यांच्या हातून घडलेलें गाळून इतिहास सांगतां येत नाहीं, आणि शरफखानानेंही तो तसा सांगितला नव्हता. पुढच्याच मार्चमध्यें, १९१६ सालीं, रशियन सैन्यानें बर्फांतून येऊन बित्लीस घेतलें. तेव्हां मुसलमान वस्तीचीही दाणादाण झाली व हजारों कुर्द हिंवांत देशोधडीला लागले. ऑगस्टांत मुस्तफा कमाल पाशाच्या फौजेनें तें परत जिंकलें. जें परत मिळालें तें शहर नव्हतें, शहराचे अवशेष होते.

महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हरच्या तहांत कुर्दांच्या स्वायत्त प्रदेशाचा उल्लेख आला होता. १९२३ च्या लोझानच्या तहांत तो राहिला नाहीं. नव्या तुर्की प्रजासत्ताकानें १९२४ पासून कुर्दी भाषा शाळांतून व छापखान्यांतून हद्दपार केली. १९८३ चा भाषाबंदीचा कायदा १९९१ मध्यें रद्द झाला, आणि २०१२ पासून शाळांत ऐच्छिक विषय म्हणून कुर्दी शिकविण्याची मुभा मिळाली. मुलाला त्याच्या घरच्या भाषेंत बोलूं न देणारी शाळा कशी असेल, याचा विचार मी मास्तर या नात्यानें अनेकदां केला आहे. अशा शाळेंत पहिल्या दिवशीं मुलाला आधीं गप्प बसावयास शिकवीत असतील.

आज बित्लीसची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि ती मुख्यतः कुर्दांची आहे. ११५० सालचा शिलालेख असलेली मोठी मशीद अजून उभी आहे. किल्ल्यावर २००४ पासून उत्खनन सुरू झालें. मधल्या काळांत लोकांनीं प्रवाहावर सिमेंटचीं छपरें घालून वर दुकानें बांधलीं होतीं, इतकीं कीं खालून नदी वाहते हें दिसेनासें झालें होतें. २०१९ पासून तीं दुकानें पाडून प्रवाह पुन्हां मोकळा करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. बित्लीसची तंबाखू एके काळीं नांवाजलेली होती. डोंगरांत मध आणि अक्रोड होतात. आणि पहांटे बाजारांत 'ब्युर्यान' मिळतें : कोंकराचें किंवा बोकडाचें मांस जमिनींत खणलेल्या खोल भट्टींत टांगावयाचें, तोंड मातीनें लिंपावयाचें, आणि वाफेवर व धगीवर तें शिजूं द्यावयाचें. आपली 'बिर्याणी' आणि हें 'ब्युर्यान' एकाच फारसी शब्दाचीं लेंकरें, 'बिर्यान' म्हणजे भाजलेलें. दुपारपर्यंत मात्र थांबूं नये. बाहेर बर्फ पडत असतां सकाळींच खाण्याचा तो पदार्थ आहे, असें म्हणतात.

माझा वेळ संपत आला आहे. एवढें एक सांगून आपली रजा घेतों. विल्यम सारोयान या अमेरिकन लेखकाचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्याचे आईवडील बित्लीसचे आर्मेनियन. तो स्वतः १९०८ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो येथें जन्मला. बित्लीस त्यानें केवळ आजीच्या व चुलत्यांच्या तोंडून ऐकलें होतें. १९६४ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, तो बित्लीसला गेला. दरींत किल्ला होता, पूल होते, पाण्याचा आवाज होता. तेथल्या लोकांनीं त्याचें स्वागत केलें. आपल्या घराण्याचें घर कोठें होतें, तें तो त्यांना विचारीत हिंडला. परत गेल्यावर अकरा वर्षांनीं, १९७५ मध्यें, त्यानें एक लहानसें नाटक लिहिलें. त्या नाटकाचें नांव त्यानें 'बित्लीस' एवढेंच ठेवलें आहे.